पंडिता रमाबाई व त्यांच्या मुली

भुकेलेल्या बालकास एक वेळचे अन्न घालणारे हात समाजात पुष्कळ निघतात. थंडीत कुडकुडणाऱ्या पोराच्या अंगावर जुना सदरा टाकणारे दयाळू गृहस्थही काही थोडे नाहीत. परंतु त्याच बालकाचे बोट धरून त्यास चालावयास शिकवावे, ते रुसले, चुकले, पळून गेले तरी त्यास पुन्हा जवळ घ्यावे, आणि दहा-बारा वर्षांनी ते स्वतःच्या पायांवर उभे राहीपर्यंत आपला हात मागे घेऊ नये, असे व्रत घेणारी माणसे मात्र विरळा. पहिल्या उपकारास द्रव्य पुरते. दुसऱ्यास आयुष्य द्यावे लागते. आमच्या या पुणे शहराशी ज्यांचे नाव निगडित आहे अशा ज्या थोर व्यक्तींनी असे आयुष्य वेचले, त्यांत पंडिता रमाबाईंचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयी व धर्मांतराविषयी आजवर विपुल लिहिले गेले. आम्ही मात्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे त्यांचे चरित्र एका निराळ्या बाजूने ठेवू इच्छितो. संकटात सापडलेल्या मुलीची सोबत किती काळ करावी, हे या बाई कोठे शिकल्या व त्यांनी ते कसे आचरून दाखविले, एवढाच आमच्या लेखाचा विषय आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिणेकडील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. स्त्रीने संस्कृत शिकू नये अशी समजूत सर्वत्र रूढ असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या दिली, व त्यापायी लोकांचा रोष पत्करून अरण्यात आश्रम थाटला. तेथे विद्यार्थी व यात्रेकरू यांच्या आदरातिथ्यात जवळचे द्रव्य सरले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस बाहेर पडले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावरून नेले. त्यानंतर कायमचे असे घर त्या मुलीने पाहिलेच नाही. क्षेत्रोक्षेत्री जावे, देवळात पुराण सांगावे, श्रोते जी दक्षिणा व शिधा देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता.

वडिलांचे वय झाल्यामुळे मुलीच्या शिक्षणाचा भार आईने उचलला. दिवसभर वाटचाल, स्वयंपाक आणि आल्यागेल्याची सेवा यांत त्या माउलीस क्षणाची उसंत नसे. म्हणून ती पहाटेच मुलीला जागी करी, पेंगुळलेल्या लेकरास मांडीवर घेई व श्लोकामागून श्लोक म्हणवून घेई. आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत हा पाठ असाच चालला. घर नव्हते, शाळा नव्हती, उद्या कोठे मुक्काम पडेल याची शाश्वती नव्हती. परंतु शिकविणारे एकच माणूस रोज पहाटे हजर होते. पुढे रमाबाईंनी हजारो मुलींसाठी जे केले त्याचे बीज आमच्या मते या पहाटेच्या पाठात आहे.

इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडू लागला. पुराण ऐकावयास कोणी येईना, आणि उच्च वर्णाच्या अभिमानाने मोलमजुरी करवेना. जवळची भांडी व दागिने विकून झाले. अखेरीस कुटुंब रानात जाऊन झाडपाल्यावर दिवस काढू लागले. त्याच वर्षी वडिलांनी देह ठेविला व थोड्याच अवधीत आईही गेली. आईच्या अंत्यविधीस मदत करावयास दोनच ब्राह्मण मिळाले. तिरडीस चौथा खांदा द्यावयास कोणी नाही, म्हणून तो भार रमाबाईंनी घेतला. उंची कमी असल्यामुळे त्यांना आपल्या वाटणीचे ओझे खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावे लागले. पुढे थोरली बहीणही गेली. राहिली दोघे भावंडे, रमाबाई व श्रीनिवासशास्त्री. ती अनवाणी, अर्धपोटी हिंदुस्थानभर हजारो मैल पायी हिंडली. कडाक्याच्या थंडीत पांघरूण नाही, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे करून व अंगावर माती ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. दुष्काळातले मूल कसे असते हे रमाबाईंना सरकारी अहवाल वाचून समजले नव्हते. त्या स्वतःच ते मूल होत्या.

इ. स. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु दैवास हे सुख फार दिवस पाहवले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी जातिबंधन न मानता विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच आईबाप, बहीण, भाऊ आणि पती या सर्वांस मुकलेली ही विधवा एका तान्ह्या मुलीस कडेवर घेऊन त्याच साली पुण्यास आली.

पुण्यातील सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी येथे आर्य महिला समाज स्थापन केला व ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहून प्रसिद्ध केला. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन पुण्यास आले असता त्यांनी त्यापुढे साक्ष दिली. मुलींना शिकविण्यास स्त्रिया हव्यात, त्या स्त्रियांस रीतसर शिक्षण देऊन तयार केले पाहिजे, शिकत असता त्यांस वेतन मिळावे व पुढे पगारही पुरेसा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रियांसाठी स्त्री वैद्य असावेत हीही मागणी त्यांनी केली. मुलांचा सांभाळ म्हणजे फावल्या वेळची दया होय, असे पुष्कळांस वाटते. त्यास शिक्षण लागते, वेळ लागतो, व तो करणाऱ्याच्या पोटाचीही सोय पाहावी लागते, ही गोष्ट रमाबाईंनी त्या काळी ओळखली होती.

स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने त्या १८८३ साली मनोरमेसह इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. तेथेच १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात अध्ययन व अध्यापन केले. १८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभास त्या अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे गेल्या. महिना दोन महिन्यांची भेट म्हणून गेलेल्या रमाबाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. फ्रोबेल या जर्मन शिक्षणशास्त्रज्ञाची बालोद्यान पद्धती त्या शिकल्या, मराठी वाचनमालेची तयारी केली, आणि गावोगाव व्याख्याने देऊन हिंदी बालविधवांची कहाणी लोकांपुढे मांडली. १८८७ साली त्यांचे हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले व त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. या संस्थेने एकदाच मोठी देणगी देऊन हात झटकले नाहीत. हिंदुस्थानातील विधवागृहास दहा वर्षेपर्यंत दरसाल मदत देण्याचे तिने वचन दिले. आमच्या वाचकांनी या दहा वर्षांच्या मुदतीकडे अवश्य लक्ष द्यावे. एका मुलीस अक्षरओळखीपासून शिक्षिकेच्या पदापर्यंत पोहोचवावयाचे तर वर्ष दोन वर्षांच्या वर्गणीने भागत नाही, हे रमाबाईंनी पुरते जाणले होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले. प्रारंभी मुली दोनच होत्या. त्यांतील गोदूबाई ही देवरुखच्या जोशी घराण्यातील मुलगी आठव्या वर्षी लग्न होऊन तीन महिन्यांतच विधवा झालेली होती. सदनात आली तेव्हा ती विशी उलटून गेलेली होती, आणि शिक्षणास तेथे प्रारंभच करावयाचा होता. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. येथे मुलींस आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. केशवपन झालेल्या, घरात अपशकुनी ठरलेल्या, कोपऱ्यात बसून दळण-कांडण करीत आयुष्य कंठणाऱ्या या मुलींस येथे पुस्तके मिळाली, बाग मिळाली, आणि संध्याकाळी विचारपूस करणारे माणूस मिळाले. मुलगी रडली तर का रडली, न जेवली तर का जेवली नाही, हे विचारणे हे रमाबाई गणित-व्याकरणाइतकेच शिक्षणाचे अंग मानीत. जी शिकून तयार होई तिला त्या लहान मुलींच्या वर्गावर नेमीत. याप्रमाणे आजची शिष्या उद्याची शिक्षिका होई.

परंतु विद्यार्थिमित्रहो, जो एखाद्या मुलाचा हात वर्षानुवर्षे धरतो, त्याच्या मनाचा ठसा त्या मुलावर उमटल्यावाचून राहत नाही. हा प्रश्न पुण्यात फार तीव्रपणे उभा राहिला. सदनात धर्मोपदेश होणार नाही असे प्रारंभी ठरले होते, व न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत करीत. परंतु त्या दार लावून घेत नसत, व काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला. ‘केसरी’ने कडक टीका केली. पालक घाबरले. १८९३ साली सल्लागार मंडळाने सदनाशी संबंध सोडला व सुमारे पंचवीस मुलींस त्यांच्या घरच्यांनी परत नेले.

या प्रसंगी कोणाचे चुकले याचा निवाडा करणे सोपे नाही. मुलगी शिकावी म्हणून धाडली, ती आपल्या घरास व धर्मास अंतरेल काय, ही आईबापांची भीती पोकळ म्हणता येत नाही. पुढे सदनातील कित्येक मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हेही खरे आहे. उलटपक्षी, जिने आपली श्रद्धा कधी लपविली नाही व मुलींपासून आपले दारही बंद ठेविले नाही, त्या बाईस कपटी म्हणणेही न्यायाचे होणार नाही. आम्हांस या प्रसंगातून एवढेच दिसते की, मुलाचा दीर्घकाळ सांभाळ करणाऱ्याने पालकांचा विश्वास हे आपले पहिले भांडवल समजले पाहिजे. ते एकदा गेले म्हणजे मोठ्यांच्या वादात नुकसान लहानांचे होते. त्या पंचवीस मुलींपैकी कित्येकींच्या हातचे पुस्तक त्या दिवशी सुटले ते पुन्हा आले नसेल. मोठमोठ्या नावांच्या धामधुमीत या मुलींची नावे कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही येथे त्यांची आठवण करून देतो.

त्याच १८९३ सालच्या ११ मार्चला, म्हणजे सदनास चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, पहिल्या दोन मुलींपैकी गोदूबाईंचा पुनर्विवाह पुण्यात फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे सर्व महाराष्ट्र त्यांस ‘बाया कर्वे’ म्हणून ओळखू लागला. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० साली तो हिंगण्यास नेला. हा आश्रम हिंदू समाजात राहूनच विधवांस शिक्षण देणारा होता. बायांनी नागपुरास जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, आश्रमासाठी वर्गणी गोळा केली, व कैक अनाथ मुलींस स्वतःच्या घरात थारा दिला. शारदा सदनाचा मार्ग एक, हिंगण्याचा दुसरा. तरीपण पहिल्या घरात जिचा हात कोणी तरी धरला होता, तिनेच दुसऱ्या घरात दुसऱ्यांचे हात धरले. रमाबाईंवर रुष्ट असलेल्या पुणेकरांनाही त्यांच्या शाळेचे हे फळ गोड लागले.

इ. स. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात घोर दुष्काळ पडला. ती बातमी ऐकताच रमाबाईंस आपले लहानपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत व रस्त्यांच्या कडेस हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांस दिसल्या. पोरक्या मुलींस फसवून नेणाऱ्या दुष्ट माणसांचाही तेथे सुळसुळाट होता. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पण इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते व साथीच्या निर्बंधांमुळे एवढ्या मुली शहरात ठेवणे शक्य नव्हते. प्लेगच्या दवाखान्यात स्त्रियांची हेळसांड होते, व आपल्या एका मुलीस त्यामुळे मुकावे लागले, अशी उघड तक्रार त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रातून केली. मुंबईच्या गव्हर्नरांनी ती खरी मानली नाही. ज्या काळी मोठमोठे पुढारी सरकारविरुद्ध लिहिताना दहा वेळा विचार करीत, त्या काळी एका पोरक्या मुलीसाठी या बाईंनी लेखणी उचलली. तीनशे मुली आणल्या म्हणून त्यांतली एक हरवली तर चालेल, असा हिशेब त्यांच्यापाशी नव्हता.

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी पूर्वीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावली होती. अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे संपली म्हणजे सदनाचा खर्च या बागेच्या उत्पन्नातून चालावा, असा त्यांचा धोरणी विचार होता. आता त्याच माळावर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या आणि दुष्काळातल्या मुलींस तेथे आसरा मिळाला. १८९८ साली तेथे पक्क्या इमारतींचा पाया पडला व त्या घरास ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. हे घर आता उघडपणे ख्रिस्ती होते. त्याविषयी कोणाच्या मनात संदेह राहू नये अशी व्यवस्था रमाबाईंनी या वेळी केली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही मुली आणल्या, व मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या मुली आल्या त्या स्थितीची कल्पना आमच्या वाचकांनी करावी. त्यांतील पुष्कळींस मराठी येत नव्हते. काही आजाराने खंगलेल्या होत्या, त्या वाचल्या नाहीत. उपासाने गांजलेल्या मुलाचा अन्नावरचा व माणसावरचा विश्वास उडालेला असतो. ते भाकरी लपविते, चोरी करिते, मायेने पुढे केलेल्या हातास चावा घेते. अशा मुलीस उपदेशाने वळण लागत नाही. शारदा सदनातील जुन्या मुली येथे कामास आल्या. त्यांनी नव्या मुलींस न्हाऊमाखू घातले, त्यांची केसविंचरणी केली, त्यांस जेवावयास व झोपावयास शिकविले, व मग पाटीवर अक्षर गिरवावयास बसविले. अक्षरांबरोबर हातास धंदाही दिला. कोणी मागावर बसली, कोणी शिवणकाम शिकली, कोणी तेलघाणीवर, कोणी गोठ्यात, कोणी शेतात, तर कोणी छापखान्यात खिळे जुळवू लागली. आजाऱ्यांची शुश्रूषा शिकलेल्या मुली निराळ्या, बालवर्ग शिकविणाऱ्या निराळ्या. मनोरमाबाई अंधांची ब्रेल लिपी शिकून आल्या, व दृष्टिहीन मुलींचाही वर्ग सुरू झाला. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते. कोणती मुलगी कशास लायक नाही हे ठरविण्याऐवजी तिच्याजोगे काम कोणते हे शोधण्याचा तेथे परिपाठ होता.

रमाबाईंनी आपल्या उत्तर वयातील पुष्कळ वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालविली. त्या ग्रंथाचे खिळे जुळविणाऱ्या व पृष्ठे छापणाऱ्या त्यांच्याच मुली होत्या. कधी काळी ज्यांस स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्यांच्या हातून हा प्रचंड ग्रंथ छापून निघाला, हे रमाबाईंच्या शिक्षणपद्धतीचे प्रत्यक्ष प्रमाण होय. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. परंतु १९२१ साली त्यांचा सर्वांत मोठा आधार तुटला. जिच्या हाती संस्था सोपवावयाची, ती एकुलती एक कन्या मनोरमा आईच्या आधी गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींस सांभाळणाऱ्या आईने हे दुःख मुकाट्याने सोसले व काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. मुक्तीचे दार मात्र त्यांच्यामागे बंद झाले नाही. केडगावची ती संस्था आजही चालू आहे.

अलीकडे पाश्चात्त्य देशांतही या प्रश्नाचा विचार होत आहे. अमेरिकेतील पोर्टलंड नगरात १९९३ साली सुरू झालेल्या एका संस्थेत अतिशय हलाखीतल्या मुलांस बालवर्गापासूनच हेरून प्रत्येकास एक पगारी, शिकलेला सोबती देतात, व ती सोबत बारा वर्षांहूनही अधिक काळ चालते. हे वाचून आम्हांस आनंद झाला. पण नवल वाटले नाही. दीर्घ मुदत, शिकलेले माणूस, व मुलाच्या चुकीमुळे न तुटणारा संबंध, या तिन्ही गोष्टी आमच्या पुण्याने व केडगावच्या माळाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिल्या होत्या.

आमच्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने आश्रम काढावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या वर्गात, आळीत किंवा आपल्याच घरी कामास येणाऱ्या बाईच्या पदराआड एखादे तरी असे मूल असते की, ज्याची आज कोणी विचारपूस करीत नाही. त्यास एक दिवस खाऊ देऊन आपण धन्य झालो असे समजू नये. या वर्षी त्यास वाचावयास शिकवावे. पुढच्या वर्षी ते कोणत्या इयत्तेत गेले हे विचारावे. आणि त्याच्याही पुढच्या वर्षी, ते नापास झाले असले तरी, पुन्हा त्याच्याकडे जावे. सोलापूरच्या गाडीने जाताना केडगावचे स्थानक लागले म्हणजे खिडकीतून त्या माळाकडे एकदा पाहावे, व आईची तिरडी डोक्यावर वाहिलेल्या त्या मुलीचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.